सांगायला लागला का?

मूल चालायला लागलं, बोलायला लागलं, हे लोकांना न विचारता दिसतं. विचारावं लागतं ते एकच: सांगतं का? काय सांगतं, हे पुढे कुणी बोलत नाही. शू आली, शी आली, हे कपडे भरायच्या आधी सांगतं का, एवढाच त्याचा अर्थ. माझी जुळी अडीच वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात हा प्रश्न मला इतक्या बायकांनी विचारला की शेवटी शेवटी मी तो पुरा व्हायच्या आधीच उत्तर देऊन मोकळी व्हायची. मुलगी थोडंफार सांगते. मुलगा नाही सांगत.

मी नवापूरच्या बाजूला एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिलीची पोरं, निम्मी घरी आदिवासींची कोकणी बोलणारी, दिवाळीपर्यंत माझ्याकडे वाचायला लागतात, असं मी चारचौघांत तोऱ्यानं सांगत असे. नवरा पोल्ट्री फार्मवर सुपरवायझर. कोंबड्यांना रविवार नसतो, त्यामुळे त्यालाही नसतो. मुलांना एक मावशी सांभाळायच्या, पण त्यांच्या लेकीचे सुरतेत दिवस भरत आले होते आणि जूनपासून त्या तिकडेच राहणार होत्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बालवाडी आहे. तिथल्या बाई मायाळू, पण एका गोष्टीत पक्क्या. म्हणाल्या, "मॅडम, रडणारं चालेल, चावणारंही चालेल. पण सांगणारं पाहिजे. मदतनीस एकच आहे हो माझ्याकडे."

ही अडचण मी फोनवर सासूबाईंच्या कानावर घातली. सासरे गेल्यापासून त्या म्हसावदला एकट्याच राहतात. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही.

"पोरले लई जाय तू. पोऱ्याले आठेच राहू दे वरीसभर. मी शे ना."

मुलीला घेऊन जा, मुलाला वर्षभर इथेच राहू दे. म्हणजे पोटात एकमेकांना लाथा मारत वाढलेली दोन पोरं, एक नवापूरला आणि एक म्हसावदला, आणि मी दर शनिवारी एसटीत. त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. मुलाला सोडून राहायची कल्पनाच मला सहन होत नव्हती. मी म्हटलं, "आई, सुट्टी लागली की आम्ही येतो. जूनच्या आत दोघंही सांगायला लागतील." शिकवणं हा माझा धंदाच आहे, असंही बोलून गेले असेन. माझी जीभ अशा वेळी थांबत नाही.

मे महिन्यात आम्ही तिघं म्हसावदला आलो. बरोबर माझी तयारी होती. दुकानातल्या डायपरनं उन्हाळ्यात दोघांच्या जांघा सोलून निघायच्या, म्हणून मी मोबाईलवरून कापडी ट्रेनर मागवले होते. ट्रेनर म्हणजे चड्डीच, पण आत कापडाचे पाच-सहा थर शिवलेले. बाहेरून हत्ती, चंद्र, आगगाड्या. एक लाल प्लास्टिकची पॉटी होती. शिवाय भिंतीला लावायला मी एक तक्ता केला होता, वेळेवर सांगितलं की त्यावर टिकली चिकटवायची. सासूबाईंनी तक्ता पाहिला आणि त्याच्यावरच मिरच्यांची पिशवी अडकवली. तिथे आधीपासून खिळा होता, त्यांचं काय चुकलं?

त्यांची तयारी वेगळी होती. सासऱ्यांची जुनी धोतरं त्यांनी ट्रंकेतून काढली आणि टराटरा फाडून लंगोट केले. चाळीस वर्षं धुतलेलं ते कापड हातातून निसटेल इतकं मऊ झालं होतं. पाय लांब करून भिंतीला टेकून बसायचं, दोन पावलांमध्ये फट ठेवायची, पावलांवर मूल बसवायचं, खाली एक फडकं, आणि तोंडानं शूऽऽ करत राहायचं. माझ्या नवऱ्यासकट चार पोरं त्यांनी अशीच मोठी केली. सकाळी उठल्याबरोबर त्या दोघांना आळीपाळीनं पावलांवर घेत.

धुणं माझ्याकडे. त्या दिवसांतला थकवा मला आजही कमरेत आठवतो. काम कुठलंच मोठं नव्हतं. वाकायचं, फरशी पुसायची, उठायचं, चड्डी काढायची, दुसरी घालायची, वाकायचं, बादलीत भिजवायचं, तोवर दुसऱ्यानं कोपऱ्यात केलेली. आधी थंड पाण्यात खळबळायचं, मग साबण, मग ऊन पाणी, मग गच्चीवर दोरी. बोअरचं पाणी खारं, त्यात वरून आमच्याकडचं ऊन. अर्ध्या तासात सगळं वाळायचं आणि पापडासारखं कडक व्हायचं. ते हातांनी चोळून मऊ केल्याशिवाय पोरांच्या अंगाला लावता यायचं नाही. दुपारी जेवायला बसलं की हाताला साबणाचा वास. मी तोंडात घास घेऊन डोळे मिटायची आणि आतून कुणीतरी ओरडायचं, "मम्मीऽ, शूऽ." ती मुलगी असायची. तिनं आठ दिवसांत सगळं आत्मसात केलं, आणि वर भावाची चहाडी करायची जबाबदारीही घेतली. "त्यानं केली. कोठीमागे केली. बघ, अजून उभाच आहे."

मुलाचं मात्र पालथ्या घड्यावर पाणी. ट्रेनर घालून तो तासन् तास खेळायचा. "शू केलीस?" "नाही." हात लावून पाहावं तर चिंब. तो खोटं बोलत नव्हता. त्या थरांनी सगळं पिऊन टाकलेलं असायचं, त्याला ओलं लागायचंच नाही.

सासूबाई म्हणाल्या, "त्याले समजी कशे? गोधडी बांधेल शे तू त्याले."

मला ते झोंबलं, पण पटलं. दुसऱ्या दिवसापासून हत्ती-चंद्र दोरीवरच राहिले आणि दोघांना दिवसभर धोतराचे लंगोट. ओलं झालं की लगेच कळायचं, पाय फाकून उभा राहून तो रडायचा. चार दिवसांत शूचं जमलं. मोरीत जाऊन उभा राहायला लागला. मी नवऱ्याला फोन करून सांगितलं, त्यानं "बरं झालं" म्हणून फोन ठेवला.

पण शी पॉटीवर करेना. त्याची एक ठरलेली रीत होती. शी आली की तो घड्या घातलेल्या लंगोटांच्या चळतीतून एक ओढून काढायचा आणि सासूबाईंकडे घेऊन जायचा. त्या बांधायच्या. मग तो कोठीमागे जायचा, लाल होईपर्यंत उभा राहायचा आणि काम झालं की बाहेर यायचा. पॉटीवर बसवलं की ताठ व्हायचा, पावलांवर बसवलं की उतरून पळायचा. सासूबाई हसायच्या. "हुशार शे. कापड तरी मांगस."

मला हसू येत नव्हतं. मे अर्धा संपला होता. मला त्यात नुसता हट्ट दिसत होता. वर्गात एखादं पोर पाटीवर उलटा 'ड' काढतं तेव्हा ते काय पाहून तसं काढतंय हे मी शोधते. स्वतःच्या पोराच्या बाबतीत मला ते सुचलं नाही. कापड मागून तो सांगतच होता, हे मला आज लिहिताना कळतं. तेव्हा मी सगळे लंगोट गोळा करून कपाटात टाकले, कडी लावली आणि जाहीर केलं, "आजपासून लंगोट बंद." दोन दिवस तो चळतीच्या रिकाम्या जागेपाशी जाऊन उभा राहायचा आणि परत यायचा. दोन दिवस शी नाही.

तिसऱ्या दिवशी आमच्याकडे बिबडे होते. ज्वारी भिजवून, भरडून, तिखट-मीठ, तीळ, लसूण घालून शिजवायची आणि तो गरम घाटा ओल्या कापडावर हातानं पातळ थापायचा. वाळले की कापड उलटं करून, मागून पाणी शिंपडून सोडवायचे. हे एकटीचं काम नाही. गल्लीतल्या पाच-सहा बायका पहाटेच आल्या. गच्चीवर ओळीनं बाजा मांडल्या, त्यांच्यावर धोतरं ओली करून अंथरली. बाजा कमी पडल्या म्हणून दोन धोतरं खाली ताडपत्रीवर अंथरली. तीही सासऱ्यांचीच, त्याच ट्रंकेतली.

हात चालू, तोंडं चालू. कुणीतरी विचारलंच, "पोऱ्या सांगस का आते?" मी म्हटलं, "शिकतोय." त्यावर कोपऱ्यातली एक, माझ्याहून लहान असेल, म्हणाली, "दुनियानं पोरं शिकाडतीस मास्तरीणबाई, आन् सोतानं…" सगळ्या हसल्या. वाईट हेतूनं नाही हसल्या, बिबडे थापताना हसायला काहीतरी लागतंच. मीही हसले. आतून मी फुटायला आले होते.

तेवढ्यात दोघं झोपेतून उठून जिना चढून वर आली. मुलगी सरळ घाटा मागायला माझ्याकडे आली. मुलगा अंगात नुसतं झबलं घालून मध्येच थांबला. त्यानं ताडपत्रीवर अंथरलेली ती धोतरं पाहिली. एकावर बिबडे थापून झाले होते, दुसरं अजून कोरं होतं. ओलं, पांढरं, मऊ. तो गेला आणि त्या कोऱ्या धोतराच्या बरोबर मधोमध उकिडवा बसला. पहिल्यांदाच उकिडवा बसला. कुणाचं लक्ष गेलं नाही. मग तो उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मम्मी, शी!"

त्याचा चेहरा मला नीट आठवतो. खूश होता.

मी उठले आणि त्याच्या मांडीवर मारलं. एक नाही, दोनदा. घाट्यानं भरलेल्या हातानं. काहीतरी बोललेही, घाणेरडा वगैरे, शब्द आता आठवत नाहीत आणि आठवले तरी लिहिणार नाही. एक जण "अव माय" एवढंच म्हणाली. मुलगा आधी रडलाच नाही, माझ्याकडे बघत राहिला, मग श्वास कोंडून रडला. सासूबाईंनी त्याला उचललं. धोतराची चारी टोकं एकत्र करून त्यांनी ते दुसऱ्या हातात घेतलं आणि जिना उतरता उतरता, मला बोल लावायचा म्हणून नाही, आपली एक गोष्ट सांगावी तशा म्हणाल्या, "सांगं तर व माय त्यानी."

त्यानं सांगितलं होतं. इतके दिवस जे ऐकायला माझे कान आसुसले होते ते त्यानं खणखणीत सांगितलं होतं. शी कापडात करायची असते हे आम्हीच त्याला शिकवलं, कापड मी लपवलं, त्याला कापड सापडलं, त्यानं नीट बसून केली आणि सांगितली. नुकसान काय झालं, तर एक धोतर बाद. पुढचे बिबडे थापून झाले, वाळले, आम्ही वर्षभर खाल्लेही. मला स्वतःची इतकी लाज फार कमी वेळा वाटली आहे.

त्यानंतर तो करेचना. पुढचे चार दिवस. आली की पाय आवळून, टाचा उचलून, ओट्याला धरून उभा राहायचा, घामाघूम व्हायचा आणि परतवायचा. पोट घट्ट झालं. जेवणावरून मन उडालं. मनुका, तूप, ऊन पाणी, एरंडेल सगळं झालं. मी "शी कर ना राजा" म्हणत जवळ गेले की पाय आणखी आवळायचा. पाचव्या दिवशी गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट चाचपलं आणि सहज विचारलं, "कुणी मारलं-बिरलं का याला? धाक बसलाय का?"

मी म्हटलं, "नाही."

शेजारी सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. डॉक्टरांनी एक पातळ औषध दिलं आणि म्हणाले, मागे लागू नका, कापड मागत असेल तर कापड द्या, काही बिघडत नाही.

घरी येऊन मी कपाटाची कडी काढली. लंगोट बाहेर ठेवले आणि त्यांच्यापासून लांब जाऊन बसले. संध्याकाळी त्यानं एक ओढला आणि आजीकडे नेला. कोठीमागून त्याचं रडणं आणि सासूबाईंचं "व्हई जाई रे बेटा, व्हई जाई" मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं. झालं तेव्हा मी ओट्याला टेकून रडले. सुटका झाली म्हणून की माझी गरज लागली नाही म्हणून, माहीत नाही. फार दमले होते, एवढं खरं.

पुढचं सगळं सासूबाईंनी केलं. मी फक्त धुतलं. त्यांनी लंगोट बांधायच्या ऐवजी आपल्या पावलांवर अंथरला आणि त्यावर त्याला बसवलं. काही दिवसांनी तोच लंगोट पॉटीत अंथरला. मग पॉटीत काही नाही, लंगोट नुसता हातात धरायला. ना तक्ता, ना टिकल्या. जून लागता लागता तो "आजी, शी" म्हणत स्वतः जाऊन बसायला लागला.

आजी. मला नाही.

एका दुपारी सासूबाई शेजारी हळदीला गेल्या होत्या. मुलगा घरात येरझारा घालत होता, मधेच थांबून दाराला घट्ट धरत होता. मी शक्य तितक्या हलक्या आवाजात विचारलं, "शी आली का रे?" "नाही." मी स्वयंपाकघरात गेले. थोड्या वेळानं मुलगी आली, माझा गाऊन ओढून खाली वाकायला लावलं आणि कानात म्हणाली, "त्याला आलीये. तुला सांगू नको म्हणाला."

मी बाहेर येऊन भिंतीला टेकून बसले. सासूबाईंसारखे पाय लांब केले, पावलांवर लंगोट अंथरला आणि दुसरीकडे बघत राहिले. "मम्मीचं चुकलं," मी म्हटलं. "मम्मी आता कधीच मारणार नाही." "बरं," तो म्हणाला, अगदी समजुतीनं, मोठ्या माणसासारखा. आणि दाराला धरून आजी येईपर्यंत उभा राहिला.

निघायच्या आदल्या दिवशी सासूबाई लंगोटांच्या घड्या करून माझ्या पिशवीत भरत होत्या. "दोन्हीसले लई जाय," त्या म्हणाल्या. "सांगस तो आते." मी म्हटलं, "तुम्हाला सांगतो, आई. मला नाही सांगत." त्यांनी एक घडी मोडली आणि परत घातली. "मी बी मारं व्हतं असंच. तुन्हा नवराले." मग घडी पिशवीत सारत, "आजूनबी काहीच सांगत नही मले." त्या हसल्या. खरंच, तो त्यांना काहीच सांगत नाही. फोनवर "बरं आहे, बरं आहे" करतो आणि ठेवतो. मला वाटायचं, स्वभावच तसा.

नवापूरला आल्यावर घरात एक व्यवस्था आपोआप लागली. संध्याकाळी तो बापाला सांगायचा. बाप नसला की बहिणीला सांगायचा आणि ती मला आणून सांगायची. मग मी जायची, बसवायची, धुवायची. हे सगळं तो मला करू द्यायचा, तेव्हा माझ्या गळ्यातही पडायचा. फक्त सांगायचा नाही.

शाळा उघडायच्या आधीच्या सोमवारी मी दोघांना घेऊन बालवाडीत गेले. दोघांच्या पाठीला दप्तरं, दप्तरात जादा चड्ड्या. बाई दारातच होत्या. त्यांनी दोघांचे गाल ओढले आणि माझ्याकडे बघून तोच प्रश्न विचारला, "काय मॅडम, सांगायला लागला का हा?"

"लागला," मी म्हटलं. "सगळं सांगतो."

"मम्मीला नाही सांगत," मुलगी म्हणाली.

बाई हसल्या. "असू दे. मला सांगेल. सांगशील ना रे मला?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मान डोलावली, चपला काढून ओळीत लावल्या आणि त्यांचं बोट धरून आत गेला.